काचेवरचा टवका आणि काशीची वाट

कापडाच्या दुकानातील एक साधी गोष्ट आपण अनेकदा पाहिली असेल. दुकानदार कापड मोजतो, काठावर कात्रीने पेरभर छेद देतो आणि मग कात्री बाजूला ठेवून दोन्ही हातांनी ते टरकन फाडतो. तेच कापड छेद न देता फाडू गेल्यास धट्ट्याकट्ट्या माणसालाही सहसा दाद देत नाही. मग एवढ्याशा छेदाने त्याचे बळ कोठे गेले? खरे पाहता तुटले ते काठाचे थोडे धागे. बाकीचे कापड पूर्वीइतकेच मजबूत होते. परंतु आधी जो ताण असंख्य धागे वाटून घेत होते, तो आता छेदाच्या टोकावरील एकेका धाग्यावर येऊन पडू लागला. तो धागा तुटला की भार त्याच्या शेजाऱ्यावर, आणि तोही तुटला की पुढच्यावर.

वाचकहो, मोटारीच्या पुढच्या काचेवर खडा लागून जो लहानसा टवका उडतो, त्याची गोष्ट अगदी अशीच आहे. "एवढ्याने काय होते? यात्रा करून आल्यावर पाहू," असे म्हणून आपण तो सोडून देतो. काही दिवस तो तसाच राहतो. मग एके सकाळी काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलेला दिसतो, आणि जे काम थोड्या वेळात व थोड्या पैशांत झाले असते त्यासाठी सबंध काच बदलावी लागते. हे असे का घडते, आणि ते कसे टाळावे, याचा विचार या वेळी करू या.

काशीच्या यात्रेचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. महाराष्ट्रातील कुटुंबांना काशीची वाट फार जुनी. प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेचा विधी सांगणारा 'त्रिस्थलीसेतु' हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकातला. त्याचे कर्ते नारायण भट्ट काशीत राहत, पण त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. गंगेच्या काठी अहिल्याबाई, भोसले व शिंदे यांच्या नावांचे घाट आजही उभे आहेत. पूर्वी लोक ही वाट पायी किंवा बैलगाडीने चालत, पुढे आगगाडीने जाऊ लागले, आणि आज कित्येक कुटुंबे आजी-आजोबांसह स्वतःच्या मोटारीने निघतात. नागपूरहून जबलपूर, कटनी, रीवा आणि मिर्झापूर करीत वाराणसीला पोहोचायचे, म्हणजे सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. त्यापूर्वी ही सारी वाट वाराणसीहून कन्याकुमारीस जाणाऱ्या सातव्या क्रमांकाच्या एकाच महामार्गाचा भाग होती.

या वाटेचा शेवटचा टप्पा विंध्य पर्वताच्या दगडाळ प्रदेशातून जातो. मिर्झापूर आणि त्याला लागून असलेला सोनभद्र हे जिल्हे दगडाच्या खाणींबद्दल प्रसिद्ध आहेत. सारनाथच्या अशोकस्तंभाचा गुळगुळीत दगड चुनारचा, आणि काशीच्या घाटांच्या बांधकामातही चुनारचा दगड मोठ्या प्रमाणावर वापरलेला. आता या परिसरातून खडी भरलेल्या मालमोटारींची ये-जा चालू असते. भरलेल्या गाडीतून एखादा खडा सांडतो. पुढच्या मोटारीच्या चाकाखाली सापडून तो उडतो आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर आदळतो.

एवढ्याशा खड्यात असा काय जोर असतो? हिशेब सोपा आहे. पाच ग्रॅम वजनाचा खडा उडून क्षणभर हवेत जवळजवळ स्थिर आहे आणि आपली मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने त्याच्यावर जाऊन आदळते, असे समजा. त्या आघातातील ऊर्जा शंभर ग्रॅमचा दगड सुमारे सव्वा मीटर उंचीवरून टाकल्याइतकी असते, आणि ती सारी खड्याच्या एका टोकाखाली एकवटते. वेग वाढला तर ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० चे १०० किलोमीटर केले म्हणजे वेग सव्वापट होतो, आघात मात्र दीडपटीहून अधिक. म्हणून खडीच्या गाडीमागे अंतर राखून आणि वेग आवरून चालणे हा काच वाचविण्याचा पहिला उपाय होय.

आता काचेची रचना पाहू. मोटारीच्या बाजूच्या काचा सामान्यतः तापवून झटकन थंड केलेल्या, म्हणजे 'टफन्ड' काचेच्या असतात. त्या फुटल्या तर खडीसाखरेसारखे बारीक तुकडे होतात. पुढची काच तशी नसते. ती दोन काचांची असून त्यांच्यामध्ये पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा चिकटविलेला असतो. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. पात्रात पूर्वी ठेवलेल्या द्रावणाचा पातळ थर आत सुकून राहिला होता, आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. थरांच्या सुरक्षित काचेची कल्पना त्याला यातून सुचली, असे सांगतात. १९०९ साली त्याने तिचे एकस्व घेतले. आपल्या देशातही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारीची पुढची काच अशी थरांची असणे आवश्यक केले आहे.

खडा लागला म्हणजे बहुधा बाहेरची काच तेवढी दुखावते. मधला पापुद्रा आणि आतली काच शाबूत राहतात. हीच आपल्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट आहे, कारण दुरुस्ती शक्य होते ती यामुळेच. मात्र बाहेरच्या काचेत टवक्याच्या भोवती केसाहून बारीक चिरा पडलेल्या असतात, आणि खरा धोका त्या चिरांच्या टोकांशी असतो.

हा धोका किती, ते इंग्लंडमधील अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली गणिताने दाखवून दिले. पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो. भोक जसजसे लांबट व टोकदार होत जाईल, तसतसा टोकावरील ताण वाढतच जातो. एक मिलिमीटर खोल चीर असून तिच्या टोकाची गोलाई मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी असेल, तर त्या टोकाशी ताण भोवतालच्या साठपटीहून अधिक होतो. पुढे १९२० साली ए. ए. ग्रिफिथ या संशोधकाने काचेवरच प्रयोग करून दुसरी बाजू उलगडली. काचेच्या अणूंमधील बंध पाहिले तर ती कितीतरी अधिक मजबूत असायला हवी. ती कमजोर ठरते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांमुळे. शिवाय चीर जितकी लांब, तितका थोडा ताण तिला पुढे सरकण्यास पुरतो. चीर चौपट लांब झाली की निम्म्याच ताणाने काम होते. म्हणजे तडा वाढतो तसे त्याचे वाढणे अधिकच सोपे होत जाते. उशीर महाग का पडतो, याचे उत्तर या एका नियमात आहे.

हा नियम पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून पाथरवटांच्या हातात होता. दगडाची मोठी शिळा फोडताना पाथरवट तिच्यावर सर्वत्र घण घालीत बसत नाही. तो एका रेषेत लहान लहान खाचा पाडतो, त्यांत लोखंडी पाचरी बसवितो आणि एकामागून एक त्यांच्यावर बेताने ठोके देत जातो. थोड्या वेळाने शिळा त्या रेषेवर सरळ दुभंगते. काच कापणारा कारागीरही हिऱ्याच्या टोकाने एक ओरखडा ओढतो आणि हलकेच दाब देतो. त्यांनी जे हेतुपुरस्सर केले, ते आपल्या काचेवर खड्याने नकळत केलेले असते. पाचरीची खाच पडलेली आहे. आता ठोके कोण देतो, एवढेच पाहावयाचे.

पहिला ठोका उष्णतेचा. वाराणसीत मे-जून महिन्यांत पारा कधी कधी ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीची काच त्याहूनही बरीच तापते. अशा वेळी आत बसताक्षणी थंड हवेचा झोत काचेकडे सोडला, किंवा धूळ धुण्यासाठी तापल्या काचेवर गार पाणी ओतले, तर एक भाग आकसतो आणि शेजारचा फुगलेलाच राहतो. एक मीटर लांबीच्या काचेच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर तिच्या लांबीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर फरक पडतो. ऐकायला हे फार थोडे. पण काच रबरासारखी ताणून घेत नाही, आणि चिरेच्या टोकाला तेवढेही पुष्कळ होते. काशीत काचेचे मणी करण्याचा उद्योग आहे. तेथील कारागीर ज्योतीवर मऊ झालेली काच तारेवर गुंडाळून मणी घडवितो, आणि घडविलेला मणी एकदम गार न करता सावकाश निवू देतो. घाई केली तर मणी तडकतो, हे तो जाणतो. आपणही काचेशी तोच विवेक ठेवावा.

दुसरा ठोका पाण्याचा, आणि तो सर्वांत लबाड. पाण्याने काच विरघळत नाही, मग पाणी तिला काय करणार, असे आपणास वाटेल. परंतु चिरेच्या टोकाशी काचेतील सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध ताणलेल्या स्थितीत असतात, आणि अशा ताणलेल्या बंधाशी पाण्याचा रेणू संयोग पावून तो तोडतो. त्यामुळे एरवी जो ताण चिरेला हलवू शकला नसता, तोच ओलाव्यात तिला हळूहळू पुढे नेतो. १९६७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ शेल्डन वीडरहॉर्न यांनी हवेतील दमटपणा आणि चिरेची गती यांचा संबंध मोजून प्रसिद्ध केला. म्हणून पावसाळा किंवा गंगेच्या मैदानातील पौष महिन्याचे दाट धुके टवक्याच्या हिताचे नसते. मोटार दारात उभी आहे, कोणी तिला हातही लावलेला नाही, तरी रात्रीतून तडा वाढतो, त्याचे रहस्य पुष्कळदा या ओलाव्यात आणि पहाटेच्या गारठ्यात असते.

तिसरा ठोका हादऱ्यांचा. आजच्या मोटारींची पुढची काच चौकटीला गोंदासारख्या मजबूत द्रव्याने चिकटविलेली असते. चाक खड्ड्यात गेले की मोटारीचा सांगाडा किंचित पिळवटतो आणि तो पीळ काचेपर्यंत पोहोचतो. सर्व काचा बंद असताना दार धाडकन लावले तर आतली हवा दाबली जाऊन काचेला धक्का बसतो. टवका काचेच्या कडेजवळ असेल तर भय अधिक, कारण कडेशी काचेत आधीच थोडा ताण असतो.

हे तीनही ठोके बसत असताना चीर बराच काळ मुंगीच्या गतीने, कधी त्याहूनही सावकाश सरकते. ताण आणि लांबी यांचे प्रमाण एकदा मर्यादेपलीकडे गेले, की मात्र ती धावत सुटते. काचेतील तड्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटरपर्यंत जाऊ शकतो. "काल तर काहीच नव्हते," असे आपण म्हणतो ते यामुळे. काल होते, फक्त ते चालत होते, आज धावले.

मग उपाय काय? टवका लहान असतानाच तो भरून घेणे. या कामातील जाणकार कारागीर प्रथम टवक्यातील काचेचे सुटे कण व धूळ काढतो. नंतर त्यावर लहानसे उपकरण बसवून आतील हवा व ओलावा शोषून घेतो आणि पाण्यासारखी पातळ, पारदर्शक राळ दाबाने चिरांच्या टोकापर्यंत पोहोचवितो. मग अतिनील किरणांचा दिवा धरला की ती राळ कठीण होते. वरचा भाग खरवडून घासला की काम संपले. यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. राळ चिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींना जोडते, त्यामुळे टोकावरचा ताण पुन्हा वाटला जातो. आणि बाहेरचे पाणी आत शिरण्याची वाट बंद होते. राळेचे प्रकाशाला वाकविण्याचे प्रमाण काचेच्या जवळपास असल्याने डागही पुष्कळ फिका होतो. अगदी नाहीसा मात्र होत नाही, तशी अपेक्षा धरू नये.

प्रत्येक टवका असा भरता येतो असे नाही. साधारणपणे रुपयाच्या नाण्याखाली झाकेल एवढा, कडेपासून दूर असलेला आणि केवळ बाहेरच्या काचेत असलेला टवका दुरुस्तीस योग्य समजावा. आतली काच फुटली असेल, तडा कडेला जाऊन भिडला असेल, किंवा चालकाच्या दृष्टीच्या नेमक्या समोर मोठा डाग राहणार असेल, तर काच बदलणेच शहाणपणाचे. कित्येक नव्या मोटारींत काचेमागे कॅमेरा बसविलेला असतो. तेथे काच बदलल्यावर तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि खर्च आणखी वाढतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातून मिळतो किंवा नाही, हेही आपल्या विमा कंपनीस आधी विचारून ठेवावे.

प्रवासात टवका उडाला आणि दुरुस्तीचे ठिकाण दूर असले, तर काय करावे? जागा कोरडी असतानाच तिच्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे पाणी आणि धूळ आत जाणार नाही. मात्र ती चालकाच्या दृष्टीआड येऊ देऊ नये. टवका नखाने किंवा टाचणीने कोरू नये. घरातील झटपट चिकटणारा गोंद त्यात भरू नये. तो चिरेच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि नंतर राळेचीही वाट अडवितो. मोटार सावलीत उभी करावी, थंड हवेचा झोत काचेवर न सोडता हळूहळू वाढवावा, दारे अलगद लावावीत, आणि पहिल्या मोठ्या गावात चौकशी करावी. जबलपूर, रीवा वा वाराणसी येथे अर्धा दिवस गेला तरी यात्रा काही चुकत नाही.

कोणी म्हणेल, तड्याची काच घेऊनही लोक वर्षानुवर्षे गाडी चालवितात. चालवितात हे खरे. पण त्या काचेवर काय सोपविलेले असते, ते लक्षात घेतले पाहिजे. अपघातात माणसे बाहेर फेकली जाऊ नयेत म्हणून ती अडसर होते. मोटार उलटली तर टपाला आधार देण्यात तिचा वाटा असतो. कित्येक मोटारींत पुढच्या आसनावरील प्रवाशासमोरची एअरबॅग फुगताना या काचेलाच टेकून योग्य दिशेला उघडते. आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे तड्यावर पडले की प्रकाशाचा असा फुलोरा उठतो, की रस्त्यावरून जाणारा सायकलस्वार क्षणभर दिसेनासा होतो. तो क्षण कोणत्याही घरावर येऊ शकतो, आपल्या आणि त्याच्याही.

म्हणून निघण्यापूर्वी जसे आपण चाकांतील हवा, तेल आणि पाणी पाहतो, तसे स्वच्छ ओल्या फडक्याने पुढची काच पुसून, सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेरून व आतून नीट न्याहाळावी. हे काम घरातील मुलांना सांगावे. त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि यातून त्यांना पदार्थविज्ञानाचा एक धडाही मिळतो. परत आल्यावर पुन्हा एकदा पाहावे. आणि ज्यांच्या मालमोटारी खडी वाहतात, त्यांनी गाडी काठोकाठ न भरता वर ताडपत्री घट्ट बांधावी, मागची फळी नीट लावावी. त्या एका ताडपत्रीने मागून येणाऱ्या कितीतरी अनोळखी कुटुंबांच्या काचा वाचतील. ज्यांच्या काचेवर टवका आधीच आहे, त्यांनी मात्र आजच्या आज कारागिराची वेळ ठरवावी. उद्याचे ऊन आणि परवाचा पाऊस त्यांच्यासाठी थांबणार नाही.